निरोप आला, पण कोणाचा? वेबहुकची पडताळणी

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका मुलाने विचारलं, "सर, वेबहुक म्हणजे नेमकं काय?" म्हटलं, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हे कशाला विचारतोस! पण प्रश्न माझ्याच विषयातला निघाला.

नाकाडोंगरीतलं एक बियाण्याचं दुकान धरा. धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस, विक्री ऑनलाइन. पैसे जमा झाले का, हे दर मिनिटाला पेमेंट कंपनीला विचारत बसायचं, की जमा होताच तिनेच कळवायचं? ही दुसरी रीत म्हणजे वेबहुक. रेझरपेसारख्या कंपनीच्या डॅशबोर्डवर आपली यूआरएल नोंदवायची, कोणत्या घटना कळवायच्या ते निवडायचं आणि एक गुप्त शब्द, म्हणजे सीक्रेट, ठरवायचा.

खरी अडचण पुढेच आहे. तो पत्ता इंटरनेटवर उघडा असतो. "पाच हजार जमा झाले" असा निरोप तिथे कोणीही टाकू शकतो. गल्ल्यावर खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेतात ना, तसंच. न्यायदर्शनाने शब्द हे प्रमाण मानलं, पण सांगणारा आप्त हवा. मग इथे आप्त ओळखायचा कसा?

त्यासाठी एचमॅक आहे. १९९७ साली आरएफसी २१०४ मध्ये तो मांडला गेला. कंपनी मजकूर आणि सीक्रेट मिळून एसएचए-२५६ ने एक ठसा काढते आणि हेडरमध्ये पाठवते. सीक्रेट मात्र निरोपाबरोबर जात नाही. आपणही तसाच ठसा काढायचा. जुळला नाही तर निरोप नाकारायचा. गिटहबचीही हीच रीत.

मुलं हमखास चुकतात ती इथे. ठसा आलेल्या कच्च्या मजकुराचाच काढायचा. जेसन उलगडून पुन्हा बांधलं की एखादी स्पेस बदलते, ठसा जुळत नाही. मग पोरं वैतागून तपासणीच काढून टाकतात. अरे, दार लागत नाही म्हणून कोणी दारच उखडतं का?

आणि ठसा जुळला म्हणजे सगळं सिद्ध झालं, असंही नाही. निरोप कोणाचा आणि तो बदललेला नाही, एवढंच कळलं. तो नवा आहे का? पाच सेकंदांत उत्तर गेलं नाही तर रेझरपे तोच निरोप पुन्हा पाठवते, ठसा तितकाच खरा! एका पैशात दोन पोती गेली समजा. म्हणून हेडरमधला इव्हेंट आयडी नोंदवून ठेवायचा, आणि रक्कम आपल्या ऑर्डरशी ताडून बघायची. आधी लगेच २०० चं उत्तर द्या, बाकीचं काम मागाहून करा.

हं, आता विचारा.