लाभांश हा खर्च आहे का? शेअरच्या तीन नोंदी



मी चौथीला शिकवते. पण परवा बारावी कॉमर्सचा भाचा वही घेऊन आला. नोंदी तोंडपाठ, मात्र लाभांश त्याने पगार-भाड्यासारखा खर्चात धरला होता. "मावशी, पैसे बाहेर जातातच ना?" प्रश्न रास्त आहे. उदाहरण घेऊन पाहू.

समजा, एका कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर ५० रुपयांना दिले आणि सगळी रक्कम एकदम मिळाली. रोजकीर्दीत नोंद अशी:

१) बँक खाते नावे ५,००,०००
भाग भांडवल खात्याला १,००,०००
अधिमूल्य खात्याला ४,००,०००

वरचे ४० रुपये म्हणजे अधिमूल्य, आपण प्रीमियम म्हणतो ते. मुलं याला नफा समजतात. तो नफा नाही, भागधारकांनीच घातलेला पैसा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम ५२ प्रमाणे तो वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. त्यातून लाभांश वाटता येत नाही.

पुढे नफा झाला. वार्षिक सभेत २० टक्के लाभांश जाहीर झाला. २० टक्के कशावर? दर्शनी किमतीवर! म्हणजे शेअरमागे २ रुपये, १० नव्हे. इथे मोठी माणसंही फसतात.

२) शिल्लक नफा खाते नावे २०,०००
देय लाभांश खात्याला २०,०००

पैसे अजून बँकेतच आहेत, पण देणं उभं राहिलं. म्हणून जाहीर होताच नोंद करायची. हे पैसे ३० दिवसांत द्यावे लागतात. दिले की:

३) देय लाभांश खाते नावे २०,०००
बँक खात्याला २०,०००

आता भाच्याचा प्रश्न. किराणा दुकानदार गल्ल्यातून घरखर्चाला पैसे नेतो, तो दुकानाचा खर्च नसतो, ती उचल असते. लाभांशही तसाच. सगळे खर्च भागल्यावर उरलेल्या नफ्यातला मालकांचा वाटा. खर्चात धरला तर कंपनीचा नफाच खोटा, कमी दिसेल.

पालकांसाठी एक गोष्ट: सात वर्षं न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. अर्ज करून तो परत मिळवता येतो, पण आजोबांची जुनी शेअर सर्टिफिकेटं आधीच काढून पाहिलेली बरी.

मुलांना नोंद पाठ करायला लावण्याआधी एवढंच विचारा: "हा पैसा कोणाचा?" उत्तर आलं की नावे-जमा आपोआप जुळतं.