स्वयंपाकघरातला कचरा, दारातले खत

चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्यांना कसली आली बाग, असे आपण सहज म्हणून जातो. पण दारापुढे फुटक्या बादलीत वाढलेली मिरची, तेलाच्या डब्यातली कोथिंबीर आणि गजावर चढलेला मायाळूचा वेल हीसुद्धा बागच होय. पावसाळ्यात भाजी कडाडली की या बागेची किंमत कळते. मात्र काही महिन्यांत डब्यातली माती घट्ट होते, पाने पिवळी पडतात आणि खताच्या पुडीसाठी पैसे मोजावे लागतात. हा खर्च आपण टाळू शकतो, कारण खताचा कच्चा माल आपण रोज घराबाहेर फेकतो.

तो फेकतो कसा, हेही पाहिले पाहिजे. भाजीची देठे आणि फळांच्या साली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिल्या की हवेविना त्या सडतात. ती घाण उचलणारे हात सफाई कामगाराचे असतात, आणि हा कामगार पुष्कळदा आपल्याच वस्तीतला, आपल्याच नात्यातला असतो. घरचा ओला कचरा घरीच जिरवला तर त्याच्या हातांचा त्रास तेवढा कमी होईल.

सडणे वेगळे, कुजणे वेगळे

हवा मिळाली नाही की कचरा सडतो आणि दुर्गंधी सुटते. हवा मिळाली की तो कुजतो आणि त्याचे खत होते. हे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. त्यांना हवा, बेताचा ओलावा आणि ओल्या कचऱ्याबरोबर सुका पाला लागतो. एवढे सांभाळले की घाण वास येत नाही.

कृती

एका जुन्या बादलीला तळाशी व बाजूंनी दहा-पंधरा भोके पाडा आणि ती दोन विटांवर ठेवा. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा दोन-तीन बोटे थर द्या. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाका व त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुका पाला किंवा वर्तमानपत्राचे तुकडे पसरा. सुरुवातीला मूठभर जुनी माती आणि थोडे आंबट ताक घातले की काम लवकर सुरू होते. पावसाचे पाणी आत जाणार नाही असे झाका. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळा.

मूठभर मिश्रण दाबून पाहा. पाणी गळले तर सुका पाला घाला, कोरडे वाटले तर पाणी शिंपडा. बादली भरली की दुसरी सुरू करा. साधारण दोन ते तीन महिन्यांत खत काळपट व भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो.

काय घालावे, काय टाळावे

चहाचा चोथा धुऊन घाला, नाहीतर साखरेमुळे मुंग्या येतात. अंड्याची टरफले वाळवून कुटावीत. त्यातून चुना मिळतो, पण सावकाश. केळीच्या सालीत पालाश असते. शेळीच्या लेंड्या मिळाल्या तर फोडून याच बादलीत टाका. चुलीची राख महिन्याला चमचाभर पुरे. प्लॅस्टिक जाळलेली राख मात्र कुंडीत घालू नये. मटण-मासळीची हाडे, तेलकट व खारट उष्टे टाकू नये, उंदीर-घुशी येतात.

वापर कसा करावा

नवी कुंडी भरताना तीन भाग मातीला एक भाग खत घ्या. जुन्या कुंडीत महिन्याला दोन मुठी खत घालून वरची माती हलकी उकरा. अर्धे कुजलेले खत मुळांशी घालू नका, रोप कोमेजते.

हे खत म्हणजे जादू नव्हे. युरियात ४६ टक्के नत्र असते, तर घरच्या खतात ते एक-दोन टक्क्यांच्याच आसपास असते. त्यामुळे गुण हळूहळू येतो. पण युरियाचा चमचा जास्त पडला तर कुंडीतले रोप करपते, आणि युरियाने माती भुसभुशीत होत नाही. घरच्या खताने माती मोकळी राहते व पाणी धरून ठेवते. नळाला तासभरच पाणी येणाऱ्या वस्तीत हा फायदा लहान नाही.

बादली ढवळण्याचे काम घरच्या बाईवरच टाकू नये. पुरुषांनी आणि मुलांनीही पाळी लावून घ्यावी. शाळेच्या पुस्तकातले जिवाणू काय करतात, ते मुलांना दारातच पाहायला मिळेल. पहिले खत तयार झाले की त्यात मेथी पेरा. महिनाभरात घरची जुडी हाती येईल.