सात, पंधरा आणि वीस

छोट्या कारखान्यात 'मॅनेजर' या पाटीमागे एकच माणूस बसलेला असतो. कच्च्या मालाचे भाव तोच विचारतो, बिले तोच करतो, बँकेत तोच जातो आणि लेथ बंद पडले तर मेस्त्रीलाही तोच बोलावतो. पूर्वी पेढीवर याला मुनीम किंवा दिवाणजी म्हणत. नाव बदलले, जबाबदारी तीच राहिली.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या तीसएक कामगारांच्या कारखान्यात माझे एक स्नेही हे काम करतात. त्यांच्या कॅलेंडरवर दर महिन्याला तीन तारखांभोवती लाल गोल असतो. ७ तारखेपर्यंत कामगारांचा पगार, १५ पर्यंत भविष्यनिर्वाह निधीचा भरणा आणि २० पर्यंत जीएसटी. मालाचे बिल केले की कर देय होतो. गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. जाणाऱ्या पैशाच्या तारखा अशा ठरलेल्या. येणाऱ्या पैशाची तारीख मात्र कॅलेंडरवर नसते.

कायदा छोट्यांच्या बाजूने आहे, हे खरे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' हे संकेतस्थळही सुरू झाले. मग अडते कुठे? तक्रार केली तर पैसे मिळतील, पण पुढची ऑर्डर जाईल, ही भीती अडवते. म्हणून मॅनेजर तक्रारीऐवजी रोज सकाळी फोन करतो.

एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाने तीन महिने पैसे थकवले. पाच तारीख उजाडली. मालक म्हणाले, "पगार पंधरा दिवस पुढे ढकला. माणसं आपलीच आहेत."

स्नेही म्हणाले, "मालक, आपली आहेत म्हणूनच आधी त्यांचं. घरभाडं आणि किराणा त्यांच्यासाठी थांबत नाही."

निधीच्या पैशालाही त्यांनी हात लावू दिला नाही. पगारातून कापलेली रक्कम कारखान्याची नसतेच. आमच्या घरात अशा पैशाला अमानत म्हणत. कुणी विश्वासाने सोपवलेली ठेव.

मग कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीत ते स्वतः गेले. तोही छोटाच कारखाना. त्याला झुलवत ठेवणे म्हणजे आपले दुखणे दुसऱ्याच्या घरात ढकलणे. त्यांनी निम्मी रक्कम दिली, उरलेल्या रकमेची तारीख सांगितली आणि कारणही लपवले नाही. फाउंड्रीवाला थांबला, कारण यापूर्वी दिलेली तारीख कधी चुकली नव्हती. मालक मात्र चार दिवस बोलले नाहीत.

बँक कर्ज देताना तारण मागते. बाजार माणसाचा शब्द तारण धरतो. हे तारण कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही; ते सांभाळणारा माणूस बहुधा कोपऱ्यातल्या टेबलाशी, थंड झालेला चहा बाजूला सारून, पुढच्या सात तारखेचा हिशेब जुळवत असतो.