टपावरचा तंबू आणि खालची बॅटरी

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर लोधिवलीपाशी शनिवारी सकाळी टपावर तंबू बांधलेल्या थार, गुरखा गाड्या हमखास दिसतात. हौस झकास, पण साठ किलोंचा तंबू टपावर चढला की गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकतो आणि तिरक्या उतारावर ती लवकर कलंडू शकते. म्हणून पाण्याचे कॅन, हत्यारं असं जड सामान खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध.

खरी गंमत टायरमध्ये आहे. हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, वजन पसरतं आणि चिखलात पकड मिळते. डांबरावर येताच मात्र हवा भरायचीच; मऊ टायर वेगात तापून फाटतो. तेव्हा छोटा पंप आधी घ्या, झगमगीत दिवे नंतर.

सोबत फ्रिज न्यायचा तर त्यासाठी दुसरी बॅटरी हवी. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे सुमारे ६०० वॅट-तास. सरासरी ४० वॅट खाणारा फ्रिज त्यावर १५ तास चालतो.

आणि बंद तंबूत शेगडी कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.