सात मात्रा, चार माणसे आणि एक पत्ता

दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला घरी आलो, तेव्हा बाबांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सात गाण्यांचे एक फोल्डर सापडले. नाव होते ‘१६/३३० खजूर रोड’. मला वाटले, कोणाचा तरी पत्ता असावा. तो पत्ताच होता! दिल्लीच्या करोल बागेतील त्या घरात ‘इंडियन ओशन’ हा बँड सराव करायचा. २०१० साली आलेल्या अल्बमला त्यांनी त्या घराचेच नाव दिले.

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी हा बँड १९९० मध्ये सुरू केला. सुस्मित गिटार वाजवत, असीम तबला वाजवता वाजवता गात. पुढे बेस गिटारवर राहुल राम आणि ड्रमवर अमित किलम आले.

त्यांच्या संगीताची मुळे लोकगीतांत आहेत. ‘कंदिसा’ (२०००) या अल्बममधले ‘मा रेवा’ हे नर्मदेचे लोकगीत घ्या. राहुल राम नर्मदा आंदोलनात काम करत होते, तेव्हा ते त्यांना त्या खोऱ्यात मिळाले. ही नदी आपल्या राज्याच्या सीमेजवळ अमरकंटकला उगम पावते आणि पुढे महाराष्ट्रात नंदुरबारच्या कडेने जाते. तिचे गाणे दिल्लीच्या बँडकडे पोहोचले ते असे.

अशी गाणी पुष्कळदा जॅममधून तयार होतात. जॅम म्हणजे आधी काहीही लिहून न ठेवता एकत्र वाजवणे. एक जण सूर धरतो, दुसरा ठेका देतो, बाकीचे त्यात भर घालतात. मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. आमचे सगळे ठरलेले असते, म्हणून जॅम म्हणजे बेशिस्त असे मला वाटायचे. एकदा बँड रूममध्ये आम्ही चौघांनी करून पाहिले. पाच मिनिटांत नुसता गोंगाट झाला, कारण प्रत्येक जण फक्त स्वतःचेच ऐकत होता.

मग माझ्या मित्राने टाळ्या देऊन रूपक ताल समजावला. त्यात सात मात्रा असतात : तीन, दोन, दोन. आपली कूच दोनाची, डावा-उजवा. सातावर कूच केली, तर पहिल्या फेरीत समेवर डावा पाय पडतो, दुसऱ्या फेरीत उजवा आणि चौदा पावलांनंतर पुन्हा डावा. मोजणी डोक्यात पक्की असेल, तर माणूस कुठेही भटकून वेळेवर समेवर परत येतो. जॅमची शिस्त हीच आहे. तिथे हुकूम देणारे कोणी नसते, म्हणून कान जास्त उघडे ठेवावे लागतात.

या अल्बमचे काम पूर्ण होण्याआधीच २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले. स्टुडिओत प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेता येतो आणि नंतर जुळवता येतो. असीम यांचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित झाला होता. त्यामुळे अल्बममध्ये ते आहेत. बँडने तो कोणत्याही कंपनीमार्फत विकला नाही. जुलै २०१० पासून दरमहा एक गाणे इंटरनेटवर मोफत दिले. बाबांनी सात महिने वाट पाहून ती सात गाणी उतरवून घेतली होती.

त्यातले ‘डरते हो’ हे नून मीम राशिद यांच्या उर्दू कवितेवरचे गाणे त्याच वर्षीच्या ‘पीपली लाइव्ह’ चित्रपटातही आहे. आपल्या रायपूरचे नाटककार हबीब तनवीर यांच्या कन्या नगीन यांचे छत्तीसगढी गाणेही त्याच चित्रपटातले. ते ऐकले की आई हातातले काम थांबवते.

परेडमध्ये कोणी गैरहजर असेल, तर ‘दाहिने सज’च्या हुकमावर आम्ही सरकतो आणि मोकळी जागा दिसेनाशी होते. असीम यांच्या जागी बँडला दोन माणसे घ्यावी लागली, एक तबल्यासाठी आणि एक गाण्यासाठी. हे बाबांनी सांगितल्यावर मी ती सात गाणी पुन्हा लावली. या वेळी मी फक्त तबला आणि त्यांचा आवाज ऐकत होतो.