तलवार विकत घेताना

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज या लिलावघरात एक तलवार विक्रीला आली. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे यांची ती तलवार. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक, विमा सगळे धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. आमचा गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण त्या काळी हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचाच. त्यामुळे ‘आपल्या राजाची तलवार परत आली’ हा विषय पानटपरीवर आठवडाभर पुरला. त्यातच आमच्या नाटक मंडळातल्या पोरांना वाटले, आपल्यालाही एक खरी तलवार पाहिजे.

भात घरात आले की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस लागतात. रात्री उघडलेला पडदा तांबडे फुटेपर्यंत पडत नाही. आमचे मंडळ हौशी. मी त्यांची गाणी लिहून देतो. त्या हंगामात ऐतिहासिक नाटक घ्यायचे ठरले होते. लाकडी तलवारीला चंदेरी कागद चिकटवला की दिसायचे काम भागते, ऐकायचे भागत नाही. ‘ठक् ठक्’ असा पोळपाट-लाटण्याचा आवाज येतो. रात्री दोनला पेंगणारा प्रेक्षक जागा होतो तो खणखणाटाने. म्हणून पोलादी तलवार हवी. मी नांदेडला एका कवितावाचनाला निघालो होतो, तर नायकाचे काम करणारा पोरगा बरोबर आला.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास कृपाण आणि तलवारींची दुकाने आहेत. शीख बांधवांना कृपाण धारण करण्याची मुभा थेट राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने आम्हाला जे शिकवले, ते मोलाचे आहे.

तलवारी दोन जातीच्या असतात, तो म्हणाला. एक भिंतीवर टांगायची आणि दुसरी हातात धरायची. टांगायची बहुधा स्टेनलेस स्टीलची, म्हणजे आपल्या ताटवाटीच्याच भाऊबंदांतली. चकाकते छान, गंजत नाही. पण त्या धातूचे हातभर लांब पाते मऊ ठेवले तर वाकून तसेच राहते, कडक केले तर मोडते. आणि मोडते ते मुठीपाशी. कारण तिथे पात्याला बोटाएवढी सळई डाग देऊन जोडलेली असते, वरून पितळी मूठ चढवली की कुणाला दिसत नाही. जोरात फिरवली की मूठ तुमच्या हातात आणि पाते पहिल्या रांगेत.

हातात धरायची तलवार कार्बन पोलादाची असते. गावचा लोहार ट्रकच्या कमानपाटीपासून विळा, कुऱ्हाड करतो, ते याच घराण्याचे पोलाद. पाते थोडे वाकवून सोडले की सरळ व्हायला हवे. मूठ धरून पात्यावर टिचकी मारली की स्वच्छ नाद यावा. खुळखुळले तर मूठ सैल आहे. वजन सव्वा किलोच्या आसपास असले तर बरे. आमच्याकडचे व्याख्याते महापुरुषांच्या हातात वीस-वीस, चाळीस-चाळीस किलोच्या तलवारी देतात. भक्तीच्या भरात होते ते, पण लढणारा माणूस घोड्यावर दिवसभर तांदळाचे पोते उचलून फिरवत नसतो. जुन्या तलवारी साधारण किलोभराच्या.

जुन्या हिंदुस्थानी तलवारीत पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत घालून राळ किंवा लाख वितळवून बसवत. (लाख आणि गोंद हा आमच्या जंगलाचा जुना व्यापार. गोंदावरूनच गोंदिया हे नाव पडले, असे म्हणतात.) लाख तापवली की पाते निघते, दुसरे बसवता येते. म्हणून तर युरोपातून आलेल्या पात्यांना इथल्या मुठी चढल्या आणि अशा तलवारीला ‘फिरंग’ हे नाव मिळाले. रघुजीराजांची तलवारही फिरंगच आहे. पाते युरोपीय, त्यावर सोन्याने लिहिलेले नाव देवनागरीत.

आता धारेचे. माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाला इथे पाय काढवत नाही. मराठीत हत्याराला ‘पाणी’ देतात. लोहार लालभडक पाते पाण्यात किंवा तेलात बुडवतो, ते कडक होते. मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतो. या पाण्यावरच सगळे अवलंबून. पाणी नसलेल्या पात्याला कितीही धार लावा, दोन घावांत बोथट. फारसीतही ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘आब’ म्हणजेच तलवारीचे तेज. धार हा शब्दही तसाच, दुधाची, पावसाची आणि पोलादाचीही.

धार लावणे म्हणजे घासणे, एवढेच लोकांना ठाऊक असते. पण बाजारात फिरणाऱ्या विजेच्या दगडावर तलवार धरली आणि कड निळी पडली, की समजावे पाणी उतरले. आधीच्या कारागिराची मेहनत एका मिनिटात गेली. जाणकार माणूस पाते सतत पाण्याने गार ठेवतो. आधी कानस, मग जाड दगड, मग बारीक निसणा. वस्तऱ्यासारखी पातळ धार तलवारीला चालत नाही, हाडावर ती दुमडते. कुऱ्हाडीसारखी किंचित फुगीर, मागे मांस असलेली धार लागते.

हे काम करणारे ते शिकलगार. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासूनपुसून चकाकी आणणे, त्यावरून हा शब्द आला. महाराष्ट्रात मुसलमान शिकलगार आहेत आणि शीखही आहेत. राज्ये गेली, तलवारी गेल्या. आता चाकू, कात्र्या आणि कुलुपांच्या किल्ल्या यांवर त्यांचे पोट. खऱ्या शिकलगाराला खऱ्या पात्यावर हात चालवताना बघावे, ही माझी इच्छा अजून तशीच आहे.

या धारेची एक साक्ष इंग्रजांनीच लिहून ठेवली आहे. कॅप्टन नोलन नावाच्या अधिकाऱ्याचे घोडदळावरचे पुस्तक १८५३ साली निघाले. निजामाच्या मुलखातल्या स्वारांनी केलेल्या घावांची नोंद वाचून तो चकित झाला, आणि चौकशी केली तर कळले की त्यांची पाती म्हणजे इंग्रज फौजेने टाकून दिलेल्या जुन्या तलवारी! स्वारांनी त्यांना आपल्या मुठी बसवल्या, धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवल्या. लढाईशिवाय बाहेर काढल्या नाहीत. गोऱ्या शिपायांची म्याने लोखंडाची; काढता-घालता पाते घासून बोथट होई. पोलाद तेच, पण म्यान वेगळे.

हे सगळे त्या दुकानात उभ्याने चालले होते. आमच्या नायकाने एक तलवार निवडली, पेलून पाहिली. चेहरा असा फुलला की मलाच मोह पडला. मग तो म्हणाला, “चाचाजी, घेऊन टाकू. धार गोंदियाले लावून घेऊ जी.” मी म्हटले, नाटकाला धार कशाला? तर म्हणे, “धार नसन तं तलवार काहाची?”

दुकानदार हसला आणि तलवार त्याच्या हातातून काढून परत ठेवली.

पोराचे म्हणणे चूक नाही, आणि अडचण तिथेच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. घरकामाची आणि शेतीची वगळली आहेत, म्हणून आपली पावशी, विळा, कुऱ्हाड सुटतात. आता बिनधारेची तलवार खेळणे मानायची का? पुष्कळांना वाटते, हो. पण कायद्याची व्याख्या बारकाईने वाचा. खेळण्यापलीकडे जिचा उपयोग होऊ शकत नाही आणि जिचे कामाच्या हत्यारात रूपांतरही करता येत नाही, अशीच वस्तू त्यातून सुटते. म्हणजे आज धार आहे का, एवढ्यावर भागत नाही. उद्या लावता येईल का, हेही बघतात. चांगल्या पोलादाची तलवार जितकी अस्सल तितकी ती खेळणे नव्हे. शिवाय सणासुदीला, निवडणुकीला पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी लागते ती वेगळीच. २०१८ साली औरंगाबादेत घरपोच मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या, ते अनेकांना आठवत असेल. शोकेससाठी मागवली, हे सांगून सुटका होत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती पोराच्या डोक्यात आली नाही. येऊ नये अशीच ती आहे, पण माझ्या डोक्यात आली. तलवारीची पावती माझ्या नावावर फाटली असती. अरबीत सैफ म्हणजे तलवार आणि हुसाम म्हणजे धारदार तलवार. आमच्यात ही मुलांची नावे असतात, आणि या नावांची मुले राइस मिलमध्ये हिशेब लिहितात. पण बसच्या टपावरच्या पिशवीत तलवार निघाली आणि पिशवीवर माझ्यासारखे नाव असले, तर ती नाटकाची आहे हे सांगायला किती दिवस लागतील, ते मला माहीत आहे. बातमी एका दिवसात छापून येते. खुलासा आतल्या पानावर येतो, आलाच तर.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. मग मंडळाचे अध्यक्ष, दिग्दर्शक आणि मी असे तिघे पोलीस ठाण्यात गेलो. ठाणेदारांनी विचारले, “कवीसाहेब, तुम्हाला कशाला तलवार?” मी म्हटले, मला आवाज पाहिजे, तलवार नको. ते जरा गोंधळले, मग समजले.

शेवटी पाती ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीची केली. ना त्याला पाणी देता येते, ना धार टिकते. कड दोन मिलिमीटर जाड आणि गोल, टोक रुपयाच्या नाण्यासारखे बोथट. आधी ठाणेदारांना दाखवून आलो. प्रत्येक प्रयोगानंतर कडेवर पडलेले खड्डे कानशीने घासावे लागतात, नाही तर करवतीसारखे दाते निघून नटांच्या हाताची सालटी जातात. आणि आवाजासाठी लोहाराकडून कमानपाटीचे हातभर दोन तुकडे आणले. विंगेत माइकजवळ एक पोरगा ते घेऊन उभा राहतो आणि रंगमंचावरच्या वारांकडे बघत वाजवतो. पहिल्या रात्री वार आधी आणि खणखणाट मागून, अशी वीज-गडगडाटाची गत झाली. चौथ्या प्रयोगाला दोन्ही जुळले. माझ्या गाण्यांपेक्षा त्या दोन तुकड्यांनाच टाळ्या जास्त पडल्या.