सूक्ष्मकंदाची सत्तर वर्षे

फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ साली रोगट डेलियाच्या शेंड्याचे अगदी टोक काढून त्यापासून विषाणूमुक्त रोप वाढवले आणि १९५५ मध्ये बटाट्यातही ते साधले. दरम्यान १९५३ मध्ये बार्कर यांनी बाटलीतच बटाट्याचे कंद धरवण्याची पद्धत मांडली. पहिल्या शोधातून बेण्याची शुद्धता आली, दुसऱ्यातून ते शुद्ध बेणे जपण्याची सोय झाली. पुढे मात्र बाटलीतल्या या इवल्या कंदाकडून, म्हणजे सूक्ष्मकंदाकडून, अपेक्षा धरली गेली ती संख्येची. १९८२ मध्ये तैवानमधून वांग आणि हू यांनी मोठ्या प्रमाणावर सूक्ष्मकंद काढून दाखवले, तेव्हा बेण्याचा कारखानाच उभा राहील असे वाटणे स्वाभाविक होते. माध्यमात आठ टक्के साखर, सोबत सायटोकायनिन आणि अंधार मिळाला की दोन-अडीच महिन्यांत कंद धरतात. पण त्यांचे वजन बहुधा अर्ध्या ग्रॅमच्याही आत भरते. एवढ्याशा साठ्यावर निघालेला कोंब उघड्या रानात तण आणि उन्हापुढे टिकत नाही. म्हणून ते आधी जाळीघरात लावायचे, तिथले लघुकंद मग शेतात वाढवायचे, आणि शेतकऱ्याच्या हाती बेणे यायला आणखी काही हंगाम जायचे.

मग सूक्ष्मकंद हवाच कशाला? एरोपोनिक्समध्ये हवेत लोंबणाऱ्या मुळांवर पोषणद्रव्याचे तुषार मारून एकेका रोपापासून कितीतरी अधिक लघुकंद निघतात, हा आक्षेप संख्येपुरता मला मान्य आहे. पण ते रोपही ऊतिसंवर्धनाच्याच बाटलीतून येते. शिवाय नाजूक रोपाला सतत जपावे लागते, सूक्ष्मकंद थंडीत महिनोन्‌महिने राहतो आणि पाकिटातून परदेशी जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुष्करनाथ यांच्या बीज-प्लॉट तंत्राने विषाणू पसरवणारा मावा कमी असलेला काळ साधून उत्तरेच्या मैदानात चांगले बेणे पिकवता येऊ लागले होतेच. खरे आहे, पण त्या तंत्राने नवी लागण टळते. कंदात शिरलेला विषाणू त्याने निघत नाही. साखळीच्या मुळाशी असलेले वाण शुद्ध करायला प्रयोगशाळाच लागते, आणि तिथेही चाचणी न करता बाटलीवर विश्वास ठेवला तर रोगाचीच हजारो रोपे होतात.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-खेडचे शेतकरी बेणे पंजाबातून आणतात. त्यामुळे ऊतिसंवर्धित बेण्याच्या प्रमाणीकरणासाठी पंजाबने २०२० मध्ये केलेला कायदा त्यांच्याही कामाचा आहे: लघुकंदांबरोबर त्यांच्या शेतातल्या पुढच्या पिढ्याही त्यात येतात, आणि पुण्याकडे येणारी गोणी त्या पुढच्या पिढ्यांचीच असते.